‘देवळाली चढली’: एका इंग्रजी शब्दाच्या भाषांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेकडे काही वर्षांपूर्वी एका ब्रिटिश लेखिकेच्या कौटुंबिक आठवणींचं पुस्तक भाषांतरासाठी आलं. मी त्याची संपादक होते. भाषांतर करणाऱ्या बाई मुंबईच्या, अनुभवी. मुद्रितं तपासायला होते ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. प्रेसमधल्या पोरांपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. काकांचं बालपण देवळाली कॅम्पात गेलं आहे, हे मला ठाऊक होतं, पण ऐन वेळी ते माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील आणि वाक्यं थोडी बदलली आहेत. ज्या शब्दावरून सगळं घडलं तो मात्र तसाच ठेवला आहे: डूलॅली.

इंग्लंडात हा रोजच्या बोलण्यातला, जरा गमतीचा शब्द. कुणी विचित्र वागायला लागलं की तो ‘डूलॅली’ झाला. पुस्तकात तो चार ठिकाणी येतो. पहिल्यांदा जून १९१९ मध्ये आजोबांनी हिंदुस्थानातून बायकोला लिहिलेल्या पत्रात. तिथे तो दोन शब्दांचा आहे, ‘डूलॅली टॅप’. बराकीतला एक सोबती रात्री उठून बूट चमकवत बसतो आणि सकाळी तेच बूट विहिरीत टाकतो. त्याला काय झालंय, तर डूलॅली टॅप. दुसऱ्यांदा आजीच्या तोंडी, दुसऱ्या महायुद्धानंतर, खुद्द नवऱ्याबद्दल. हे बोलताना ती कानशिलावर दोनदा बोट आपटते. तिसऱ्यांदा सत्तरच्या दशकात, कपडे धुण्याच्या मशीनबद्दल. आणि चौथ्यांदा वृद्धाश्रमात. आजी नव्वदीला टेकली आहे, नात भेटायला येते, आणि तिथली सेविका दारातच सांगते की आज त्या जरा डूलॅली आहेत. नात आधी हसते. मग गाडीत जाऊन बसते आणि रडते.

अडचण

पहिल्या खर्ड्यात या चार जागांना चार वेगळे शब्द होते. पत्रात ‘डूलाली टॅप’ आणि खाली तळटीप. आजोबांना ‘वेड लागलं होतं’. मशीन ‘बिघडलं होतं’. आजी ‘भ्रमिष्टासारखी करत होती’. सुटं वाचलं तर एकाही वाक्यात खोट काढता आली नसती. मीही काढली नाही. मजकूर जुळणीला गेला.

पहिलं मुद्रित परत आलं तेव्हा तळटिपेभोवती लाल शाईचा मोठा गोल होता आणि समासात एकच शब्द: ‘छे!’ मुद्रितशोधनाच्या खुणांत असली खूण नसते. मी फोन केला.

“ताई,” काका म्हणाले, “माझ्या गावाचं नाव इंग्रज मोडतोड करून घेऊन गेला. तुम्ही ते तसंच मोडकं परत आणलंत. वर आमचं गाव उचलून नगर जिल्ह्यात ठेवलंत, आणि तिथे वेड्यांचं इस्पितळ बांधलंत.”

तळटीप अशी होती: ‘अहमदनगर जिल्ह्यातील देवळाली येथे ब्रिटिशांचे वेड्यांचे इस्पितळ होते, त्यावरून.’ नगर जिल्ह्यातली ती देवळाली प्रवरा. राहुरीजवळची, वेगळीच. काकांची देवळाली नाशिक रोडच्या अलीकडची, मुंबईहून जाताना घाट चढून इगतपुरी गेलं की थोड्या वेळाने लागणारी. लष्कराची तोफखाना शाळा आहे ती, भगूरच्या शेजारची. भाषांतरकार बाईंनी घाईघाईत मराठीतून शोध घेतला, पहिली देवळाली हाती आली ती उचलली. इस्पितळाची गोष्ट इंग्रजीत शेकडो ठिकाणी एकमेकांवरून उतरवलेली आढळते. ती तिथून आली.

तळटीप दुरुस्त करणं सोपं होतं. पण तिच्या निमित्ताने मी चारही जागा सलग वाचल्या, तेव्हा खरी चूक कळली. मूळ पुस्तकात नात रडते ती सेविकेच्या उद्धटपणामुळे नाही. आजोबांच्या पत्रातला शब्द सत्तर वर्षांनी एका अनोळखी मुलीच्या तोंडून आजीवर येऊन बसला, म्हणून रडते. आमच्या मराठीत तो शब्द पहिल्या प्रकरणातच संपला होता. शेवटच्या प्रकरणातली नात का रडते हे मराठी वाचकाला कळायला काही मार्गच नव्हता.

शब्द कुठून कुठे गेला

इथे जरा थांबावं लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय या इतिहासावर उभे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मोठा तळ झाला. विलायतेहून आलेली तुकडी मुंबईला उतरली की तिथे जायची. नोकरीची मुदत संपलेले शिपाईही परत जाताना तिथेच जमायचे आणि बोटीची वाट बघायचे. पण शिपायांना नेणाऱ्या बोटी वर्षभर सुटत नसत. हिवाळ्याच्या मोसमात काय त्या फेऱ्या व्हायच्या. मोसम संपता संपता ज्याची मुदत भरली, तो पुढच्या मोसमापर्यंत अडकला. म्हणजे आपला सगळा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीवर ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे पुस्तक लिहिलं, १९३६ साली आलं. त्यात या तळाचं वर्णन आहे. हत्यारं काढून घेतलेली, कवायत जवळजवळ नाही, मधूनच सामानाची तपासणी, कधीतरी पायी कूच. बाकी वेळ डोंगराएवढा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक शेरा नाही असे शिपाई या रिकामपणात बिघडायचे; कुणी तुरुंगात जायचा, कुणी नको ते रोग घेऊन दवाखान्यात. विक्षिप्त वागणाऱ्याला ‘डूलॅली टॅप’ झालाय असं म्हणायची पद्धत यातूनच पडली असावी, असं रिचर्ड्स म्हणतो. ‘असावी’ त्याचंच आहे. तो शपथेवर सांगत नाही, आणि मला त्याचा हा सावधपणा फार आवडला. शंभर वर्षांनी लिहिणारे मात्र छातीठोकपणे इस्पितळ बांधून मोकळे होतात.

आता ‘टॅप’. इंग्रजाला वाटतं, डोक्यावर मारलेली टिचकी. म्हणून तर पुस्तकातली आजी कानशिलावर बोट आपटते. पण हा आपला ताप आहे. शिपायांच्या तोंडी जी हिंदुस्थानी होती तिच्यातला, अंगात भरणारा, कपाळ तापवणारा ताप. १९२५ साली लंडनहून निघालेल्या, सैनिक आणि खलाशांच्या बोलीच्या फ्रेझर आणि गिबन्स यांच्या कोशात हा जोडशब्द डोकं फिरलेल्या माणसासाठी फौजेतला जुना शब्द म्हणून नोंदला आहे. पुढे शिपायांबरोबर तो घराघरांत गेला, ताप गळून पडला, आणि एकट्या डूलॅलीनेच वेडाचा अर्थ पेलला. चौकीतून ‘चोकी’ म्हणजे तुरुंग, खुशीतून ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, विलायतीतून ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, अशी याची बरीच भावंडं त्याच फौजेच्या बोचक्यातून तिकडे पोचली.

अर्थही निवत गेला. १९१९च्या पत्रात तो काळजीचा शब्द आहे. मे महिन्यात तिसरं अफगाण युद्ध पेटलं होतं आणि घरी निघालेले कितीतरी शिपाई हिंदुस्थानातच अडकून पडले होते. आजोबा त्यांतले एक. आजच्या इंग्रजीत मात्र प्रिंटर डूलॅली होतो, संघ जिंकला की प्रेक्षक डूलॅली होतात. म्हाताऱ्या माणसाबद्दल प्रेमाने, किंवा प्रेमाचा आव आणून, हाच शब्द वापरतात. लष्करी तळ, बोट, पावसाळा, यांतलं काही बोलणाऱ्याच्या मनात नसतं. सत्तरच्या दशकात बीबीसीवर देवळालीच्या तळावर घडणारी एक विनोदी मालिका लागायची, तेवढ्यापुरती काही जणांना गावाची आठवण झाली असेल.

यातली विसंगती काकांनी दाखवली. आपल्याकडे देवळालीचं नाव निघालं की हवा आठवते. क्षयाच्या रोग्यांना तिथे ठेवत, पारशी आणि गुजराती मंडळींनी तिथे सॅनेटोरियमं बांधली. “माणसं बरी व्हायला यायची हो आमच्याकडे,” ते म्हणाले. एकाच गावाच्या नावाला मराठीत बरं होण्याचा वास आहे आणि इंग्रजीत डोकं जाण्याचा.

समोर असलेले पर्याय

आम्ही तिघं दोन वेळा बसलो, आणि फोन किती झाले ते मोजले नाहीत.

सोपा पर्याय म्हणजे ‘डूलॅली’ तसाच ठेवायचा. प्रकाशकांना तो पसंत होता: “पुण्या-मुंबईच्या पोरांना शब्द माहितीये.” खरं होतं, पण पोरांना माहीत आहे तो त्या नावाच्या बिअरमुळे. वृद्धाश्रमातल्या प्रसंगात वाचकाच्या डोळ्यांसमोर बिअरचा ग्लास आला असता, तर आम्ही तोंड लपवलं असतं.

दुसरा पर्याय मराठीतला घरचा शब्द शोधायचा. मराठी या बाबतीत गरीब नाही: सटकली, डोकं फिरलं, चळ लागला, खुळावला, चक्रम, सर्किट. ‘चळ लागणं’ बरंच जवळ जातं. पण आजीच्या वयाला ते लावलं की लगेच ‘म्हातारचळ’ आठवतो, आणि त्या शब्दात जी लंपट छटा आहे ती या बाईच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही. शिवाय यांतला एकही शब्द मशीनपासून आजीपर्यंत चारही जागी चालत नव्हता. ‘सर्किट’ मशीनला शोभलं असतं, १९१९च्या पत्रात ते कसं घालणार?

तिसरा पर्याय माझा होता आणि मी त्याच्या प्रेमात होते. मराठीतही गावाचं नाव घेऊन वेड सांगायची रीत आहे. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याचं तिकीट काढा’, कोकणात रत्नागिरी. गावाला गाव, हिशेब चोख! बाईंनी तो एका वाक्यात मोडला: “येरवड्याला उपचार करतात. देवळालीला फक्त वाट बघायला लावत होते.” त्या बोलल्या आणि मी गप्प झाले, कारण इस्पितळाची जी चूक तळटिपेतून काढली होती तीच मी मागच्या दाराने आत घेत होते. आणि येरवड्याचं नाव असं वापरलं की तिथे खरोखर उपचार घेतलेल्या माणसाच्या घरात ते कसं ऐकू येतं, हाही प्रश्न होताच.

चौथा पर्याय काकांकडून आला, तोही सल्ला म्हणून नव्हे. कशावरून तरी ते वैतागले आणि म्हणाले, “हा शब्द म्हणजे डोक्याला ताप झालाय नुसता.” बाई हसायला लागल्या. डोक्याला ताप! शिपायांनी जे केलं तेच मराठीने न विचारता केलेलं आहे; तिने ताप थर्मामीटरमधून काढून डोक्यात घातला. मग शब्द बाहेरून आणायची गरजच काय, घरून गेलेले दोन्ही तुकडे, गाव आणि ताप, जागच्या जागी होते.

काय केलं

पत्रात लिहिलं: ‘त्याला देवळालीचा ताप चढलाय.’ मराठीत ताप चढतो, तशी दारू चढते, झिंग चढते, उन्मादही चढतो. क्रियापदाने निम्मं काम केलं. दुसऱ्या जागी, आजीच्या तोंडी, ताप गाळला: ‘तुझ्या आजोबांना देवळाली चढली होती.’ इंग्रजीत जे पन्नास वर्षांत झालं ते मराठी वाचकाच्या डोळ्यांदेखत तीन प्रकरणांत झालं. मशीनलाही देवळालीच चढली, आणि ते वाक्य मुळापेक्षा मजेदार झालं असं मला अजून वाटतं.

कानशिलावरच्या बोटाने मात्र बराच वेळ खाल्ला. आजी डोक्यावर ‘टॅप’ करते, कारण तिला ताप माहीत नाही. मराठीत शब्द ताप झाल्यावर ती खूण लटकत राहिली. खर्ड्यात एकदा ‘कपाळाला हात लावून’ असं आलं होतं. तापाला ते जमतं, पण मराठीत कपाळाला हात लावते ती हताश बाई. आम्ही बोट कानशिलावरच ठेवलं, दोन्ही वेळा आपटू दिलं, आणि तळटिपेत एक ओळ घातली की इंग्रजी कानाला ‘ताप’ हा ‘टॅप’ वाटला आणि मग टिचकीची खूण त्याला चिकटली.

तळटीप नव्याने लिहिली. नाशिकजवळची देवळाली, बोटींचा मोसम, रिकामपण. इस्पितळ नाही. पहिल्या मसुद्यात ती दीड पान झाली होती. मी ती नऊ ओळींवर आणली आणि तेवढ्यावरही प्रकाशक कुरकुरले.

चौथी जागा सर्वांत अवघड. सेविका तरुण आहे, तिला ना पत्र माहीत ना गाव. तिच्या तोंडी ‘आज त्यांना देवळाली चढलीय’ घातलं तर ती जणू या घरातलीच वाटते. बाईंचा आग्रह होता की मुळातही तेच घडतं: तिने नकळत उच्चारलेला, तिच्यासाठी पोकळ झालेला शब्द नातीला भरलेला ऐकू येतो. माझा आक्षेप असा की इंग्रजीत तो शब्द सगळ्यांचा आहे, मराठीत तो आम्ही मागच्या महिन्यात बनवला होता. अखेर वाक्य ठेवलं आणि पुढे नातीच्या मनातली म्हणून एक लहान ओळ घातली, की हा शब्द इथे सगळेच वापरतात. मुळात ही ओळ नाही. लेखिकेची परवानगी प्रकाशकांमार्फत मागितली, ती दोन दिवसांत मिळाली. त्याबरोबर तिने कळवलं की ‘टॅप’ म्हणजे ताप हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

पुढे काय झालं

पुस्तक बेताचंच खपलं. प्रतिक्रिया मात्र या शब्दावर आल्या. नाशिकच्या एका वाचकाने रागाने लिहिलं की आमच्या भागाची बदनामी का करता. त्यांना काकांनी स्वतः उत्तर पाठवलं, दोन पानी. इंग्लंडात राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांनी कळवलं की रुग्णालयात हा शब्द ते कित्येक वर्षं ऐकत होते, त्यांची मावशी लॅम रोडला राहते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

आई स्मृतिभ्रंशाने आजारी असलेल्या एका बाईंचं पत्र मला जास्त लागलं. सेविकेचं वाक्य त्यांना खुपलं होतं. मराठीत ‘देवळाली चढली’ वाचून हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला, असं त्यांनी लिहिलं. इंग्रजी शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेला आहे. आमचा नवा कोरा असल्याने त्याला धार होती. आम्ही हे ओळखलं नव्हतं.

ध्वनिपुस्तक निघालं तेव्हा आणखी एक घोळ झाला. वाचणाऱ्याने सगळीकडे ‘देवलाली’ वाचलं, रेल्वेच्या हिंदी घोषणेत असतं तसं. आधीच इंग्रजाच्या तोंडून एकदा निसटलेला ळ पुन्हा गेला. काकांनी पहिली दहा मिनिटं ऐकून बंद केलं.

पुन्हा करायचं झालं तर

शब्दाच्या सगळ्या जागा मी खर्ड्याआधीच एका कागदावर उतरवून काढीन. चार जागा होत्या, एक दुपार पुरली असती, आणि मुद्रितावर लाल गोल पडला नसता. काका देवळालीचे हे भाषांतराच्या वेळीच बाईंना सांगायला हवं होतं. आपल्याकडे मुद्रितशोधकाला सगळ्यात शेवटी विचारायची रीत आहे, आणि इथे तर शब्द त्यांच्याच गावाचा होता.

सेविकेच्या वाक्याबद्दल अजून माझं मन ठरत नाही. ‘आज त्या जरा तापल्यात’ असा एक पर्याय बाईंनी नंतर सुचवला: गाव गाळायचं, ताप ठेवायचा, म्हणजे इंग्रजीच्या नेमकं उलट. सेविकेच्या तोंडी ते सहज बसतं, नातीला ताप ऐकू येतो. पण मराठीत ‘तापली’ म्हणजे चिडली. तिथे अडलो आहोत.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं गेल्या महिन्यात काकांकडे गेली. तळटीप सहा ओळींची केली आहे. त्यांनी ती तशीच ठेवली. ‘नाशिकजवळची’ खोडून ‘नाशिक रोडजवळची’ केलं, आणि समासात नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे की सेविकेच्या वाक्याचं काय ते ताईंनी फोन करून सांगावं, त्याशिवाय फॉर्म सोडणार नाही.